कॉफी आणि कोपी



आश्विन महिना लागला की आमच्या शाळेत दोन गोष्टींची गडबड एकदमच सुरू होते. एक प्रथम सत्राच्या परीक्षेची आणि दुसरी कोजागिरीची. पाऊस मागे सरलेला असतो, दुपारी ऊन नुसतं चटके देतं आणि रात्री आभाळ घासून ठेवलेल्या परातीसारखं लख्ख असतं. शरद ऋतूवर निबंध लिहायला सांगितला की मुलं हे सगळं छान लिहितात. पण आमच्या भागात, म्हणजे बीड जिल्ह्यात, शरद ऋतूची आणखी एक खूण असते, ती निबंधात कधी येत नाही. गावात मुकादमाच्या फेऱ्या वाढतात. उचल घेतलेली घरं सामान बांधायला लागतात. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होणार असतो आणि वर्गातली पाच-सात मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणार असतात. ती परत येतात ती थेट मार्च-एप्रिलमध्ये.

म्हणून आमच्या शाळेची कोजागिरी म्हणजे पूर्ण पट हजर असलेला वर्षातला शेवटचा कार्यक्रम. त्या रात्री मुलांना मसाला दूध आणि पालकांना जायफळाची कॉफी, असा आमचा बेत असतो. या कॉफीनेच मला एक धडा शिकवला. तो आज लिहितो आहे.

कॉफी मी कुठे शिकलो

मी डी.एड. झालो आणि २०१० साली शिक्षणसेवक म्हणून दापोली तालुक्यात रुजू झालो. मराठवाड्यातला मुलगा, पहिल्यांदाच कोकणात. आमच्या घरी चहा, तोही बऱ्याचदा कोराच. कॉफी म्हणजे सिनेमातल्या लोकांनी प्यायची गोष्ट. माझ्या घरमालकीण काकूंच्या आवारात नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळाची दोन झाडं होती. जायफळ झाडावर कसं दिसतं हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. पिवळसर, लिंबाहून थोडं मोठं फळ. पिकलं की आपोआप उकलतं. आत लालभडक जाळी, तीच वाळली की जायपत्री. जाळीच्या आत टणक कवच आणि कवचाच्या आत आपण वापरतो ते जायफळ. एकाच फळात दोन मसाले!

काकूंनी आणखी एक गंमत सांगितली होती. जायफळाची नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. बी लावून झाड वाढवलं तर ते फळ देणारं आहे की नाही, हे कळायला पाच-सात वर्षं जातात. म्हणून लोक कलमं लावतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' अशा जायफळाच्या जातीही काढल्या आहेत.

कोजागिरीच्या रात्री काकू अंगणात कॉफी करायच्या. पहिल्या वर्षी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, एकटे काय खोलीत बसलाय? चंद्र वर आलाय बघा." तो कप माझ्या अजून लक्षात आहे. घरापासून इतक्या लांब असल्याचं दुःख त्या रात्री थोडं कमी झालं. पुढे आंतरजिल्हा बदलीने मी गावाकडे आलो, तेव्हा काकूंनी एका डब्यात वीस जायफळं भरून दिली. अजूनही कुणी येणार असेल तर पाठवतात.

चार कपांची कृती

काकू अंदाजाने करायच्या. मी मास्तर माणूस, मी मोजून लिहून ठेवली.

साहित्य: दूध ३ कप, पाणी १ कप, कॉफी पावडर (चिकोरी असलेली, दळलेली) ४ छोटे चमचे, साखर ५-६ छोटे चमचे, वेलदोडे २, जायफळ चिमूटभर.

कृती: पाणी साखर घालून उकळायचं. उकळी आली की गॅस बंद करायचा आणि मगच कॉफी पावडर घालायची. झाकण ठेवून पाच मिनिटं थांबायचं. पावडर खदखदा उकळली की कॉफी कडू होते. मग फडक्यातून किंवा बारीक गाळणीतून गाळून घ्यायचं. दुसऱ्या भांड्यात दूध चांगलं तापवायचं, त्यात वेलदोड्याची पूड टाकायची. गाळलेली कॉफी दुधात ओतायची, एक वाफ येऊ द्यायची आणि खाली उतरवायची. जायफळ सगळ्यात शेवटी. सहाणेवर दुधाच्या दोन थेंबांत चार वेढे उगाळायचं, किंवा बारीक खिसणीवर खिसायचं. आधी घालून उकळत ठेवलं तर वास वाफेबरोबर निघून जातो. तयार पूड विकत आणण्यापेक्षा अख्खं जायफळ आणून ऐनवेळी खिसलेलं चांगलं, त्याचंही कारण तेच. आतलं तेल उडून जाणारं असतं.

पालकांसाठी एक सूचना. जायफळ चिमूटभरच हवं. जास्त वास यावा म्हणून चमचाभर घालू नका. जास्त प्रमाणात पोटात गेलं तर मळमळ, चक्कर, भ्रम असे त्रास होतात. आणि लहान मुलांना कॉफी नको, त्यांना दूधच द्या. आम्हीही शाळेत तसंच करतो.

वर्गात जायफळ

त्या वर्षी माझ्याकडे तिसरी-चौथीचा वर्ग होता. भाषेच्या तासाला 'कृती लिहूया' हा भाग घ्यायचा होता. मुलं गाईडमधली लिंबू सरबताची कृती पाठ करून लिहितात, हा माझा नेहमीचा अनुभव. तेवीस वह्या, तेवीस सरबतं आणि सगळ्यांत 'चवीनुसार मीठ'! म्हणून ठरवलं, यंदा खरी वस्तू वर्गात आणायची.

सकाळच्या तासाला जायफळ, सहाण, कॉफीचा डबा आणि जगाचा नकाशा घेऊन गेलो. प्रत्येकाने जायफळ हातात घेतलं, हुंगलं, कानाजवळ नेऊन हलवून पाहिलं. नकाशात इंडोनेशियातली बांदा बेटं दाखवली. एके काळी सगळ्या जगाचं जायफळ या इवल्या बेटांवरूनच यायचं. त्यातलं रन नावाचं बेट जेमतेम तीन किलोमीटर लांब. त्याच्यासाठी इंग्रज आणि डच भांडले. शेवटी १६६७ च्या ब्रेडाच्या तहात इंग्रजांनी रनवरचा हक्क सोडला आणि अमेरिकेतलं मॅनहॅटन, म्हणजे आजच्या न्यूयॉर्क शहराचा मुख्य भाग, इंग्रजांकडे राहिलं. मुलं म्हणाली, "एवढ्याशा बी पायी?" मी म्हटलं, "हो, एवढ्याशा बी पायी."

अमेरिकेतल्या लोकांची गोष्टही सांगितली. त्यांच्याकडे शरद ऋतूत भोपळ्याचा गोड पदार्थ करतात, त्यात दालचिनी, जायफळ, सुंठ, लवंग घालतात. तोच मसाला कॉफीत घालून २००३ पासून स्टारबक्सच्या दुकानांत शरदाची कॉफी म्हणून विकायला लागले. म्हणजे थंडीची चाहूल लागली की जायफळ आठवतं ते आपल्यालाच असं नाही.

तास छान झाला. मी माझ्यावर खूश होतो. शाळा सुटताना दप्तरं भरायच्या गोंधळात मोठ्याने सांगितलं, "उद्या येताना वहीत लिहून आणा, कॉफी कशी करायची. साहित्य आणि कृती. दहा ओळी."

माझी लाल शाई

दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या. परीक्षेचे पेपर काढायचे होते, ऑनलाईन माहिती भरायची होती, घाई होती. बहुतेकांनी सकाळचंच लिहिलं होतं, काहींनी तर जायफळाचं चित्रही काढलं होतं. चौथीतल्या एका मुलाच्या वहीत वर लिहिलं होतं, 'कोपी कशी करायची'. मी सवयीने 'कोपी'वर लाल गोल केला आणि वर 'कॉफी' लिहिलं. खाली नजर टाकली तर दूध नाही, साखर नाही, जायफळ तर नाहीच. 'साहित्य चुकले. लक्ष देऊन लिहिणे.' असा शेरा मारला आणि पुढची वही घेतली.

वह्या वाटल्यावर थोड्या वेळाने तो मुलगा टेबलाजवळ येऊन उभा राहिला. हा एरवी बोलणारा मुलगा नाही.

"सर, साहित्य लिवलंय की."

"कुठे लिहिलंय? दूध कुठंय?"

"दूध कशाला लागंल सर? बांबू लिवलंय. पाचट लिवलंय. सुतळी बी लिवलीय."

मी वही परत घेतली आणि या वेळी वाचली. अक्षर वेडंवाकडं होतं, शुद्धलेखनाच्या चुका होत्या. त्या मी इथे दुरुस्त केल्या आहेत, बाकी मजकूर त्याचाच:

"आधी जागा बघायची. उतारावर कोपी करायची नाही. खडे काढून जमीन झाडायची. बांबू रोवायचे आणि वर एकमेकाला बांधायचे. वरून चटई आणि पाचट टाकायचं. पाचट खालून वर रचत जायचं म्हणजे पाणी आत येत नाही. वर ताडपत्री ओढून सुतळीने बांधायची. भोवती चर खणायचा. दार वाऱ्याच्या बाजूला ठेवायचं नाही. चूल बाहेर मांडायची. आत दिवा उंच टांगायचा नाही, पाचट पेटतं. एका कोपीत पाच माणसं झोपतात. मी सुतळी धरतो."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोड कामगार कारखान्याच्या किंवा उसाच्या फडाच्या जवळ राहायला जी झोपडी उभारतात तिला कोपी म्हणतात. आदल्या दिवशी हा मुलगा मधल्या सुट्टीनंतर शाळेत आला होता. सकाळचा जायफळाचा तास त्याने पाहिलाच नव्हता. कॉफी त्याने कधी प्यायलेली नव्हती. सुटताना गोंधळात त्याने ऐकलं ते त्याच्या ओळखीचं होतं. सर कोपीबद्दल विचारतायत, तेही ऐन जायच्या दिवसांत, यात त्याला काहीच नवल वाटलं नव्हतं.

मित्रांनो, आता मला जे लिहायचं आहे ते लिहायला जड जातं. कोपी म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी पाचवीत जाईपर्यंत माझे आईवडील कोयत्यावर जात. (ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात.) मी गावाकडे आजीजवळ राहायचो म्हणून माझी शाळा टिकली. पण दिवाळीच्या सुट्टीत मला कोपीवर नेत. पहाटेच्या अंधारात आई उठायची, पाचटाच्या जाळावर कोरा चहा करायची, तो वास मला आजही ओळखता येईल. आणि त्याच मी 'कोपी' या शब्दावर लाल गोल केला होता. शिकलो, नोकरी लागली, कोकणात राहिलो, कॉफी प्यायला लागलो आणि कानाला 'कोपी' ऐकूच येईनासं झालं. चूक त्या मुलाची नव्हती. लक्ष देऊन वाचायचं मीच विसरलो होतो.

मी माझा शेरा खोडला आणि त्याच्यासमोर खाली लिहिलं, 'कृती बरोबर आहे. मी नीट वाचली नाही.' त्याने ते वाचलं, वही मिटली आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसला.

दोन कृती शेजारी शेजारी

दुपारच्या तासाला मी त्याला विचारलं, "वर्गाला वाचून दाखवशील का?" त्याने आधी नाही म्हटलं. मग मीच वाचली, आणि प्रश्न विचारायला तो पुढे उभा राहिला. मुलांनी विचारलं, पाचट खालून वर का? तो म्हणाला, "कौलावाणी. वरची ओळ खालच्या ओळीवर आली पायजे." दार वाऱ्याकडे का नाही? "चुलीचा धूर आत येतो. अन् थंडी बी." ज्या मुलाला तोंडी परीक्षेत दोन वाक्यं बोलायला पाच मिनिटं लागायची, तो पंधरा मिनिटं बोलत होता.

मग फळ्याचे दोन भाग केले. एकीकडे कॉफी, दुसरीकडे कोपी. दोन्हींत क्रम महत्त्वाचा आहे हे मुलांनीच शोधलं. जायफळ आधी घातलं तर वास जातो, ताडपत्री आधी टाकली तर पाचट उडतं. दोन्हींत 'का' सांगितलं आहे. दोन्हींत एक धोक्याची सूचना आहे, जायफळ जास्त नको आणि दिवा उंच नको. चांगली कृती कशी लिहावी, हे मी दहा वर्षं गाईडमधल्या सरबतावरून शिकवत होतो. त्या दिवशी ते शिकवावं लागलं नाही. गाईडमधली कृती लिहिणाऱ्याने सरबत केलेलं नसतं. या मुलाने मात्र सुतळी धरलेली होती.

कोजागिरीची रात्र

कोजागिरीला सगळे जमले. मैदानात तीन दगडांची चूल मांडली. मुलांसाठी दुधाचं मोठं पातेलं आणि मोठ्यांसाठी कॉफी. चाळीस माणसांचं माप करताना मुलांनी गुणाकार केला. चार कपांना तीन कप दूध, तर चाळीस कपांना किती? चाळीस कपांना जायफळ किती, यावर वाद झाला. दहापट करायला गेलं तर दहा चिमट्या होतात. पण मसाल्याचं माप असं सरळ गुणायचं नसतं. आधी निम्मं घालायचं, वास घ्यायचा, मग वाढवायचं. आम्हाला सहा चिमट्या पुरल्या.

त्या मुलाची आई आली होती. कप दोन्ही हातांत धरून तिने आधी वास घेतला. मग मला म्हणाली, "गुरुजी, चांगली लागती. पण तिकडं दूध कुठलं? इकत घ्यावं तर पाव लिटरात पाच जणं. बिनदुधाची व्हती का?"

होते ना! काकूही उपासाच्या दिवशी कधीकधी तशीच घ्यायच्या. तिथेच करून दाखवली. पाण्यात गूळ विरघळवायचा, उकळी आली की खाली उतरवून कॉफी पावडर, झाकण, मग गाळायची आणि वरून जायफळ. सहाण नसली तरी खरबरीत स्वच्छ दगडावर दोन वेढे दिले की पुरतात. एक गोष्ट मात्र सांगितली, कधी दूध मिळालंच तर गूळ घालून उकळू नका, दूध फाटतं. गुळाची कॉफी आधी खाली उतरवायची आणि मग वरून तापलेलं दूध ओतायचं. तिने मान हलवली. मी डब्यातलं एक जायफळ तिला दिलं. तिने ते पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं.

तेव्हाच मी विषय काढला. "पोराला आजीजवळ ठेवता नाही का येणार? शाळा बुडते." मीही तसाच शिकलो, हेही सांगितलं. ती म्हणाली, "सासूला दिसत न्हाई गुरुजी. आन् धाकटीला कोण बघणार तिकडं?" याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडे त्या वर्षी हंगामी वसतिगृह सुरू व्हायला उशीर होणार होता, आणि धाकटीला सांभाळायचं काम त्याच्याकडेच होतं. कोजागिरीनंतर चौथ्या दिवशी ट्रॅक्टर आला. मी त्याला शिक्षण हमी पत्रक दिलं, तिथल्या जवळच्या शाळेत दाखवायला सांगितलं, आणि एक कोरी वही दिली. त्यात काय लिहायचं ते मुद्दाम सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये

एप्रिलमध्ये तो परत आला. उंच झाला होता, काळवंडला होता. तिथल्या शाळेत तो जेमतेम तीन आठवडे गेला होता. भागाकार पार विसरला होता. मी खोटं लिहिणार नाही, त्याचं जे नुकसान झालं ते एका वहीने किंवा एका जायफळाने भरून निघालं नाही. मे महिन्यात मी रोज तासभर त्याला आणि आणखी चौघांना बोलावून भागाकार घेतला. पुढची दोन वर्षं गावातल्या आम्ही काही जणांनी आधीच बोलणी करून ठेवली आणि तो हंगामी वसतिगृहात राहिला. धाकटीला त्याच्या मावशीने ठेवून घेतलं.

पण वही त्याने परत आणली होती. निम्मी भरलेली. 'मोळी कशी बांधायची.' 'बैलाला पाणी कधी पाजायचं.' 'धाकटीला कसं झोपवायचं.' आणि एका पानावर 'कोरी कॉफी कशी करायची', यात शब्द बरोबर लिहिला होता. त्याखाली एक ओळ माझ्या कृतीत नव्हती: 'कारखाना बंद असला की करायची, कारण त्या दिवशी आई बसून पिते.'

वहीबरोबर त्याने खिशातून अर्धं झिजलेलं जायफळ काढून टेबलावर ठेवलं. म्हणाला, "आईनं सांगितलंय, उरलं ते सरांला दे."

मी ते परत घेतलं नाही. पुढच्या हंगामाला लागेल म्हणून त्यालाच ठेवायला सांगितलं.

शिक्षक मित्रांनो, आता कृतिलेखन घेताना मी पदार्थाचं नाव देत नाही. फक्त म्हणतो, 'तुमच्या घरी तुम्ही स्वतः हाताने जे करता, ते लिहा.' कुणी भाकरी लिहितं, कुणी शेळीचं दूध काढणं, कुणी मोबाईलला रिचार्ज मारणं. लाल पेन उघडायच्या आधी प्रत्येक कृती एकदा पूर्ण वाचतो. पालकांनाही एक विनंती. या कोजागिरीला कॉफी किंवा मसाला दूध कराल तेव्हा मुलांना बाजूला बसवून नुसतं पिऊ देऊ नका. माप त्यांना घेऊ द्या, जायफळ त्यांना उगाळू द्या. नंतर ते लिहून काढायला सांगा, आणि लिहिलं की आधी वाचा. चुका नंतर बघू.